गाडी, पप्पा आणि एक ठिपका

डिसेंबर २०२३ मध्ये आमची स्प्लेंडर चोरीला गेली.

आमची म्हणजे पप्पांची. २००९ सालची, टाकीवर 'हिरो होंडा' लिहिलेली, एमएच-११ पासिंग. घरी आली तेव्हा मी सहावी-सातवीत असेन. पुढे तिच्यावरच गाडी शिकलो, तिच्यावरच पप्पांच्या मागे बसून इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी सांगलीला गेलो, आणि दिवाळीला पुण्याहून साताऱ्यात उतरल्यावर स्टँडवर मला घ्यायला यायची ती पण तीच.

तर झालं असं की सांगलीला एक लग्न होतं. पप्पा साताऱ्याहून गाडीवर गेले. (सव्वाशे किलोमीटर! "एसटीनं जावा" असं आई दर वेळी सांगते आणि पप्पा दर वेळी "बघू" म्हणतात.) जेवणं झाली, पान झालं, बाहेर येऊन बघतात तर जिथे स्प्लेंडर लावली होती तिथे दुसरीच कुठली तरी बुलेट उभी. आधी वाटलं आपणच जागा विसरलो. मग वाटलं पाहुण्यातल्या कुणी तरी चेष्टा केली. अर्ध्या तासाने मला फोन.

"आरं, गाडी दिसंना झालीय."

चोरीला गेली असं नाही. दिसंना झालीय. पुढे कित्येक महिने पप्पा हेच क्रियापद वापरत होते.

आता खरं सांगायचं तर त्या गाडीला कुलूप होतं असं म्हणणं हेच धाडसाचं आहे. पंधरा वर्षं झिजलेलं लॉक. शेजारच्यांच्या स्कूटीची किल्ली लावली तरी चालू व्हायची, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं! इन्शुरन्स होता, पण फक्त थर्ड पार्टी. त्यात दुसऱ्याला लागलं तर भरपाई मिळते, आपली गाडी गेली तर टाटा-बाय बाय. तक्रार झाली, भारतीय दंड संहिता कलम ३७९. काही महिन्यांनी 'अ' समरी. म्हणजे काय? तर गुन्हा खरा आहे, पण आरोपी आणि माल सापडलेला नाही. मधल्या काळात १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले आणि चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३०३ झालं. पप्पा म्हणाले, "चोर त्योच, कलम तेवढं बदललं."

त्याच वर्षी दसऱ्याला नवी गाडी घेतली. १२५ सीसी, सेल्फ स्टार्ट. आणि मी जाहीर केलं की हिला जीपीएस ट्रॅकर बसणार. पप्पा म्हणाले, "बसव की." इतकं सोपं.

आता आमच्या जमातीला कुठलीही गोष्ट विकत घ्यायची म्हणजे आधी एक्सेल उघडावं लागतं. ते उघडलं. दोन शनिवार-रविवार त्यात गेले. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे जीपीएसबद्दल आपल्या सगळ्यांचा एक घोळ असतो. आपल्याला वाटतं की उपग्रहाला आपली गाडी दिसते. अजिबात नाही. उपग्रह वर सुमारे वीस हजार किलोमीटरवरून नुसती वेळ आणि स्वतःचा पत्ता सांगत फिरत असतात. खालचं यंत्र फक्त ऐकतं. किमान चार उपग्रहांचं ऐकायला आलं की गणित करून "मी इथे आहे" हे त्याचं त्यालाच कळतं. ते तुम्हाला कळण्यासाठी त्या यंत्रात सिमकार्ड लागतं आणि मोबाईलचं नेटवर्क लागतं. म्हणजे ट्रॅकर घेताना खरी चौकशी उपग्रहांची करायची नसते, टॉवरची करायची असते. पोवई नाक्यावर काहीही चालेल. पण कासच्या रस्त्याला किंवा कोयनेच्या खोऱ्यात गाडी गेली तर? स्वस्तातले बरेच ट्रॅकर नुसते टूजीवर चालतात, आणि जिओला टूजी नाहीच. म्हणजे टूजीचं यंत्र आणि जिओचं सिम अशी जोडी जमवलीत तर पत्रिका जुळूनही संसार होणार नाही :) मी फोरजी घेतला, जो गरज पडली तर टूजीवर उतरतो. आणि घेण्याआधी गावातल्या आमच्या घरामागे, गोठ्यापाशी उभा राहून तीन कंपन्यांच्या सिमची रेंज बघितली. (शेजारच्या काकू विचारत होत्या, "पोराचं लग्न ठरलं काय? कुणाशी बोलतंय एवढं?")

दुसरा प्रश्न, एअरटॅगसारखी बटणं का नकोत? स्वस्त पडतात, वर्षभर बॅटरी बघावी लागत नाही. पण त्यात जीपीएस नसतं. ते ब्लूटूथवर आजूबाजूच्या फोनांना हाक मारतं, आणि तो फोन त्याची जागा कळवतो. पुण्यात ठीक आहे. उसाच्या फडात लपवलेल्या गाडीशेजारून दिवसाला किती आयफोन जाणार? शिवाय अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय असं दिसलं तर फोन तशी सूचना देतो. ती सोय कुणी कुणाच्या पाळतीवर राहू नये म्हणून केलेली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे चोराला पण सूचना मिळते.

(ही पाळतीची गोष्ट मी तेव्हा एका वाक्यात उडवून लावली होती. पुढे येते.)

तिसरा, बॅटरी. ट्रॅकर गाडीच्या बॅटरीवर चालतो. आमच्या गाडीची बॅटरी ४ अँपिअर-अवरची. गाडी बंद असताना यंत्र २० मिलिअँपिअर खात असेल तर २०० तास, म्हणजे आठ दिवसांत बॅटरी झोपली. पप्पा-मम्मी माझ्याकडे पुण्याला पंधरा दिवस येऊन राहिले की परत गेल्यावर किका मारत बसायचं, आणि नव्या गाड्यांना कधी कधी किकच नसते. म्हणून झोपणारं यंत्र हवं. उभ्या गाडीत ३ मिलिअँपिअरवर आलं तर तीच बॅटरी पन्नासहून जास्त दिवस पुरते. हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही. विचारून घ्यावा लागतो.

चौथा, वायर कापली तर? आत छोटी बॅटरी असलेलंच घ्या. ती काही तास चालली तरी पुरे. वायर कापल्याचा मेसेज जायला हवा, एवढंच तिचं काम.

पाचवा, ते सगळ्यांना आवडणारं फीचर. फोनवरून इंजिन बंद करणं! सिनेमात छान वाटतं. पण रिलेची जोडणी कच्ची असेल किंवा आपलंच बोट चुकून लागलं, आणि त्या वेळी पप्पा तासवडे टोलनाक्याच्या पुढे दोन ट्रकच्या मध्ये असतील तर? मी ते जोडलंच नाही. गाडी गेली तर दुसरी येते.

सहावा, पाणी. आयपी-६७ लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. साताऱ्याच्या पावसाला बास. सांगलीकरांनी मात्र हे वाचून हसावं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

आणि सातवा, दरवर्षीचे पैसे. यंत्र दोन-तीन हजारांचं, पण पहिलं वर्ष संपलं की सिम आणि सर्व्हरचं भाडं सुरू. ते भरलं नाही तर सीटखाली नुसता डबा उरतो. ह्याच्यासारखाच अजून एक सापळा इन्शुरन्समध्ये आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. पण चोरी धरणारा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. कागदावर पाच वर्षांची तारीख बघून आपण निवांत, आणि दुसऱ्या वर्षापासून चोरीला कव्हरच नाही. आत्ता उठून तुमची पॉलिसी बघा. मी थांबतो.

बघितलीत? चला.

बसवायला साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "कुठं लावायचं?"

"जिथे पटकन सापडणार नाही तिथे."

"मग माझ्याकडं कशाला आलाय? मला तर म्हाईत होणार की." आणि वर, "सीटखाली समदेच लावत्यात. चोर बी पयलं तिथंच हात घालतोय."

सिक्युरिटीच्या अख्ख्या ट्रेनिंगमध्ये मला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी कुठे लावली ते अर्थातच इथे लिहिणार नाही.

मग चाचणी. रात्री दोनला मी आमचीच गाडी चोरली. किल्ली न लावता हँडल धरून ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. हलल्याचा अलार्म फोनवर आला चाळीस सेकंदांनी, नकाशावर ठिपका हलला दोन मिनिटांनी. एवढा उशीर का? तर झोपलेलं यंत्र जागं होतं, नेटवर्क शोधतं आणि उपग्रहांचं ऐकायला बसतं. आणि उपग्रह बोलतात किती वेगाने? सेकंदाला ५० बिट्स! आपला नेमका पत्ता सांगायला त्यांना अर्धा मिनिट लागतो. ताशी चाळीसने गेलेली गाडी दोन मिनिटांत सव्वा किलोमीटरवर असते. तात्पर्य, ट्रॅकर चोरी थांबवत नाही. गाडी कुठल्या दिशेने गेली एवढं सांगतो. थांबवायचं काम अजूनही हँडल लॉक आणि डिस्क लॉकचंच आहे. आणि ठिपका हलताना दिसला तर स्वतः मागे धावायचं नाही. ११२ लावायचा आणि तो ठिपका पोलिसांना दाखवायचा.

इथवर सगळं आमच्या लायनीतलं. लेख इथेच संपायला हवा होता.

ॲप माझ्या फोनवर होतं. पप्पांच्या फोनवर घालायचं राहून गेलं, म्हणजे खरं तर मी मुद्दामच घातलं नाही, "त्यांना कुठे ते जमणार" म्हणून. आणि मला त्या ठिपक्याचा नाद लागला. पुण्यात मीटिंगमध्ये म्यूटवर बसलो की मी ॲप उघडायचो. सकाळी सातला राजवाडा, मग भाजी, मग घर. बरं वाटायचं. घरी फोन न करताच घरचं कळल्यासारखं वाटायचं. (हे वाक्य लिहिताना पण जरा टोचलं.)

जानेवारीत एका मंगळवारी ठिपका कराडला दिसला. वीस मिनिटं थांबला आणि परत फिरला. रात्री फोनवर सहज विचारलं, "आज कुठं गेलेला काय?"

"कुठं जातोय? घरीच. बँकेत जाऊन आलो तेवढं."

पुढच्या आठवड्यात उंब्रज. मग पेठ नाक्याच्या पुढे. मग आष्टा, तिथून थेट सांगली, आणि सांगलीत दोन ठिकाणी. दर ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. आणि विचारलं की दर वेळी बँक, नाहीतर "वाईच मित्राकडं".

माणसाचं डोकं काय काय विचार करतं! उधारी? जमिनीचं काही? तब्येत? मी आईला पण विचारलं नाही, कारण तिला माहीत नसेल तर तिला घोर लागायचा. एका रात्री बसून सगळे थांबे नकाशावर उपग्रहाच्या चित्रात मोठे करून बघितले. सगळीकडे एक आवार, आवारात झाडाखाली बारीक बारीक काड्यांसारखं काही तरी रांगेत मांडलेलं. गाड्या. मोटारसायकली. आणि नकाशावरचं नाव सगळीकडे एकच, पोलीस ठाणे.

पप्पा आमची स्प्लेंडर शोधत होते.

पेपरात बेवारस वाहनांच्या लिलावाची नोटीस येते ना, "मूळ मालकांनी कागदपत्रांसह यावे" वगैरे, ती आपण कधी वाचत नाही. पप्पा कापून ठेवत होते. जिथली नोटीस तिथे जायचं, परवानगी मागायची आणि आवारातल्या गंजलेल्या गाड्यांतून फिरायचं. नोटीस नसेल तर वाटेतलं ठाणं.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेलो आणि जेवताना सरळ सांगून टाकलं की मला माहीत आहे. मला वाटलं पप्पा हसतील. ते जेवायचे थांबले.

"तुला कसं कळलं?"

"ॲपमध्ये दिसतं सगळं."

"सगळं म्हंजे?"

मी फोन दाखवला. तीन महिन्यांची यादी. कुठे, किती वाजता, किती वेळ, किती वेगाने. पप्पांनी चष्मा लावून अंगठ्याने वर-खाली करून सावकाश बघितलं. मग फोन ताटाशेजारी ठेवला.

"मी बँकेत म्हणालो तवा तुला म्हाईत होतं मी खोटं बोलतोय ते?"

मी काही बोललो नाही.

"ते यंत्र गाडीला बसवलंयस का मला?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑफिसात आम्ही घसा कोरडा करून सांगत असतो की ज्याला जेवढं लागतं तेवढाच ॲक्सेस द्यायचा. कुणी डेटाबेसची सगळी किल्ली मागितली तर मीच पहिला आडवा येतो. आणि घरात मी स्वतःला ॲडमिन करून घेतलं होतं, ज्याचा डेटा त्याला न विचारता. कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागूच होत नाही. कंपनीच्या सर्व्हरला जाब विचारता येईल, पोराला नाही. म्हणजे घरात विचारायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं. पप्पांनी गाडीसाठी हो म्हटलं होतं. स्वतःसाठी त्यांना मी विचारलंच कधी?

बाकी, ते खोटं का बोलले ते पण कळलं. लाज वाटत होती. पंधरा वर्षं जुन्या गाडीसाठी, जिची किंमत आता भंगाराएवढी, एवढं पेट्रोल जाळतोय म्हटल्यावर मी हिशेब मांडला असता. आणि मी मांडलाच असता, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी सगळं नव्याने सेट केलं. खातं पप्पांच्या नंबरवर, पासवर्ड त्यांचा. फेऱ्यांची जुनी यादी डिलीट, आणि ॲपमध्ये जेवढे कमी दिवस ठेवता येतात तेवढेच ठेवले. माझ्याकडे फक्त दोन सूचना येतात. किल्ली नसताना गाडी हलली तर, आणि वायर तुटली तर. बाकी ठिपका मला दिसत नाही. "त्यांना कुठे जमणार" म्हणत होतो ना, पप्पांना ॲप यायला दहा मिनिटं लागली.

मग आम्ही दोघं सांगलीला गेलो. एका ठाण्याच्या मागच्या बाजूला शंभरेक गाड्या असतील. काहींना चाकं नाहीत, काहींच्या सीटमधून गवत आलेलं. बऱ्याच जणींना नंबरप्लेटच नाही. पप्पा थेट स्प्लेंडरींपाशी जायचे, हँडलखाली बोटाने धूळ पुसायचे आणि चासी नंबर वाचायचे. हातात चिठ्ठी नाही, सगळा पाठ. मी मोबाईलचा टॉर्च धरायचा. एका गाडीपाशी ते जरा जास्त वेळ थांबले. टाकीवरचा तोच लाल पट्टा. शेवटचे तीन आकडे वेगळे निघाले.

"हितं बी न्हाई," म्हणाले, आणि रुमालाने हात पुसले.

येताना भडंग घेतलं. आष्ट्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "सापडंल असं काय मला वाटत न्हाई. पण बघितल्याबिगर सोडवत न्हाई."

असो. तर मंडळी, ट्रॅकर जरूर घ्या. फोरजी, झोपणारा, आत बॅटरी असलेला, इंजिन बंद करायची वायर न जोडलेला. आणि गाडी आई-वडिलांची, बायकोची, धाकट्या भावाची असेल तर एक्सेलमध्ये सगळ्यात वर एक रकाना वाढवा: ठिपका कुणाच्या फोनवर? उत्तर ज्याची गाडी त्याला विचारून भरा.

परवा सकाळी पप्पांचा व्हॉट्सॲप आला. त्यांनी स्वतःहून लोकेशन पाठवलं होतं, कराड. खाली लिहिलं होतं, 'बँकेत न्हाई.'

स्प्लेंडर अजून दिसंना झालेलीच आहे. तिचा चासी नंबर आता मला पण पाठ आहे.